माझ्या अटकेची नोंद सापडत नाही

हॅस्केट काउंटी, नदीकाठचा तंबूतळ
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय, आणि अजून माझ्याशी बोलायची तयारी असेल तर परमप्रिय, आर्डिस मावशी,

तुला आणि मर्लकाकांना या टोबिनचा, टोपी काढून, कमरेत वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दोघांचे मिळून चार, त्यातला काकांचा डावा सगळ्यात खट्याळ, हे मी विसरलेलो नाही.) मक्याला पाणी पुरलं का? तुझी ती ठिपक्यांची कोंबडी, जी माझ्या बुटात अंडी घालायची, ती अजून आहे का? नसेल तर कळवू नकोस.

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आज एवढं जाड पाकीट, म्हणजे पोरगं काहीतरी निस्तरायला लावणार, असं तू आत्ताच काकांना म्हणाली असशील. तसं नाही. मी अडचणीतून सुटलोय म्हणून लिहितोय. खरं म्हणजे मी अडचणीत कधी नव्हतोच, आणि एवढं शोधून काढायला मला चार दिवस आणि तीन खिडक्या लागल्या.

झालं असं. मागच्या महिन्यात मी वायोमिंगमध्ये लोकरीची पोती भरत होतो. (लोकर कापून झाल्यावर मेंढी आपल्याकडे ज्या नजरेने बघते, तशी शाळेत आमच्या गणिताच्या बाई बघायच्या. पण ते राहू दे.) दुपारच्या भाकरीला गुंडाळलेल्या कागदावर जाहिरात दिसली: हॅस्केट काउंटीच्या वाचनालयाला पुस्तकांची फिरती गाडी चालवायला माणूस हवा. मावशी, माझ्यासारख्यासाठी देवाने दुसरी नोकरी बनवलेलीच नाही! दिवसभर गावोगाव भटकायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. आजवर मला यातलं पहिलं जमायचं, दुसरं नाही. तीन ट्रकवाल्यांना हात दाखवत सोमवारी इथे पोचलो, अर्ज घेतला, आणि अकराव्या प्रश्नाशी गाडी अडली. ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? असल्यास नोंदीची प्रत जोडा.’ वाचनालयाच्या बाई, मिस ऑगस्टा व्रबा, चष्म्यावरून म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी बाराला अर्ज बंद. मी ‘होय’ असं लिहिलं. आई म्हणते ना, माणसाशी एकवेळ खोटं बोल, पण छापील कागदाशी बोलू नकोस.

कारण मला अटक झाली होतीच. चार वर्षांपूर्वी, जत्रेत, तुझ्या डोळ्यांदेखत. ट्रॅक्टर-ओढीच्या शर्यतीच्या शनिवारी मी मिठाईच्या मांडवामागे उभा होतो, तेवढ्यात शेरीफचा हवालदार लायल आला (तोच, खराट्यासारख्या मिशांचा), खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काय केलंयस ते तुला ठाऊक आहे.” मला ठाऊक होतंच. तू स्पर्धेला मांडलेल्या जर्दाळूच्या कोलाचेंपैकी, त्या सारण भरलेल्या गोल गोड पावांपैकी, सहा माझ्या पोटात होते आणि सातव्याचं सारण हनुवटीवर. मी मान डोलावली, बेड्या पडल्या, बोटांचे ठसे घेतले, कोठडीत बसवलं. तासाभराने काका जामीन द्यायला आले. त्यांचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, घराण्याला काळिमा लागल्याचं दुःख. शेवटी एवढंच म्हणाले, “सोमवारी न्यायाधीशाला काय सांगणार ते ठरवून ठेव हो!” मी ठरवलं. रविवारी उजाडायच्या आत बटाट्यांच्या ट्रकवर चढलो. तेव्हापासून मी फरारी होतो, मावशी. अकरा राज्यं फिरलो, पण या काउंटीला नेहमी वळसा घालून. फोनही केला नाही, कारण शेरीफ तुझ्या फोनला कान लावून बसला असेल अशी माझी खात्री होती.

तर नोंद हवी. आधी गेलो गावच्या पोलीस ठाण्यात. तिथला पोरगेला शिपाई सँडविच खात म्हणाला, जत्रेचं मैदान गावाच्या हद्दीबाहेर, तिथली अटक आमची नाही. ज्याने पकडलं त्याच्याकडेच कागद. बुधवारी चुकून कोर्टाच्या कारकुनाकडे गेलो. (चुकून कारण कोर्टाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा लाकडाचं बदक कोरत होता. ते बघण्यात सकाळ गेली, आणि उठलो तो समोर दिसेल त्या दारात शिरलो.) कारकून म्हणाला, तुझ्या नावावर खटलाच नाही. माझ्या काळजावरचा एक धोंडा उतरला. पण तो म्हणाला, खटला वेगळा, अटक वेगळी. अटकेनंतरचं आमच्याकडे सापडतं, अटकेचं शेरीफकडे.

काल शेरीफच्या कचेरीत, नोंदींच्या खिडकीशी. तिथे डोरीन पेट्राचेक बसतात. मी मान खाली घालून हात पुढे केले, दोन्ही मनगटं जोडून. त्या म्हणाल्या, “हे काय, नखं दाखवतोयस?” मग अर्ज दिला: पूर्ण नाव, जन्मतारीख, अटकेचा अंदाजे दिवस, जागा, आणि सोबत ओळखपत्र. एवढंच. मला वाटलं होतं वकील लागेल. त्या म्हणाल्या, ही सार्वजनिक नोंद असते, कोणीही मागू शकतं, का हवी ते विचारायचा आम्हाला हक्कसुद्धा नाही, फक्त मला विचारायची खोड आहे. एरवी काही दिवस लागतात, पण मी बारा वाजताची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी तिथेच शोधलं. काही नाही. पुन्हा शोधलं. काही नाही.

“नीट बघा ना,” मी म्हणालो.

“अरे बाबा, लोक इथे नाव काढा म्हणून रडतात. नाव घाला म्हणून रडणारा तू पहिलाच!”

मी हट्टाला पेटलो. चार वर्षं ज्या अटकेपायी उन्हातान्हात काढली, ती झालीच नाही म्हणजे काय? त्यांनी खिडकीवर कोपर टेकलं. कोणी पकडलं? लायलने. कोठडीत आणखी कोण होतं? मी आठवून सांगितलं, मेथडिस्ट पाद्री, बँकेचे मॅनेजर आणि शाळेच्या संगीताच्या बाई. (तेव्हा मनात आलंच होतं की या काउंटीत गुन्हेगारी फारच वरच्या थराला पोचलीये.) काय करत होते? चार आवाजांत गात होते. आणि तू? मी लिंबूसरबत पीत होतो, तिसरा ग्लास.

डोरीनबाई खिडकीखाली दिसेनाशा झाल्या. मला वाटलं घेरी आली. त्या खाली बसून हसत होत्या. आतून लायल धावत आला, त्याला त्यांनी कसंबसं सांगितलं, तो म्हणाला, “हा तो बटाट्यांवर बसून पळालेला? अरे गाढवा, ती बंबवाल्यांची वर्गणी होती!” मग कपाटातून बुटांचं एक खोकं निघालं, गुलाबी कागदांनी भरलेलं. आग विझवायच्या नळीसाठी दरवर्षी जत्रेत लोक वर्गणी देऊन एकमेकांना गमतीत पकडवतात, हे सगळ्या काउंटीला ठाऊक, बंबवाल्यांच्या कुत्र्यालासुद्धा. मी पडलो ओरेगॉनमध्ये वाढलेला, आईबरोबर सतरा बिऱ्हाडं फिरलेला. मला कोण सांगणार?

त्यात माझं वॉरंट सापडलं, मावशी. त्यावर तुझं अक्षर. ‘गुन्हा: दोन उन्हाळे येऊन-जाऊन राहिला, पण एकदाही शेवटपर्यंत जेवायला बसला नाही. शिक्षा: मागच्या खोलीत मुक्काम, अंगावर मांस चढेपर्यंत.’

मी ते दोनदा वाचलं. लायल मिशा विंचरत दुसरीकडे बघू लागला. राहा म्हणून सांगायला तू मला बेड्या घातल्यास, आणि मी त्या बेड्यांना भिऊन पळालो. तू त्या रविवारी तीन ताटं मांडली असशील. याला हसावं की रडावं ते मला ठरवता येईना, म्हणून लायलच्या मिशांकडे बघत मी दोन्ही केलं.

डोरीनबाईंनी शिक्क्याचं पत्र दिलं: टोबिन ईड्स यांच्या अटकेची कोणतीही नोंद या कचेरीत नाही. आज बाराला वीस मिनिटं कमी असताना मी ते मिस व्रबांच्या टेबलावर ठेवलं आणि अकराव्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोर खोडलं. का खोडलं ते सांगावं लागलं. वाचनालयात तोंडावर बोट ठेवायचा नियम त्यांनी स्वतःच खो खो हसून मोडला. सोमवारपासून गाडी माझी!

तुझा, कायद्याच्या नजरेत निष्कलंक भाचा,
टोबिन

ता. क. गाडीच्या चालकाला काउंटीतलं पक्कं घर लागतं. पत्त्याच्या रकान्यात मी तुझं घर लिहून टाकलंय, ‘मागची खोली’ असं. आधी विचारायला हवं होतं. पण शिक्षा तुझीच आहे आणि मी ती अजून भोगलेली नाही.

आणखी एक. लायल म्हणतो, ते सहा कोलाचे मर्लकाकांनी खाल्ले असं तू चार वर्षं जत्रेभर सांगतेयस. काकांना काही इतक्यात सांगू नकोस, मीच येऊन सांगेन. दाराजवळ उभा राहून.

शेवटचं. पुढच्या शनिवारी, जत्रेत, दुपारी दोनला तू मिठाईच्या मांडवात असशीलच. लायल येईल. घाबरून बटाट्यांच्या ट्रकवर चढू नकोस, वॉरंट मी काढलंय. ‘गुन्हा: भाच्यावर माया केली, पण त्याला नीट समजावून सांगितली नाही.’ जामीन फक्त एकाच माणसाला देता येईल आणि तो कोठडीच्या दाराशी ताट घेऊन उभा असेल. कोलाचे जर्दाळूचे चालतील. यंदा मी शेवटपर्यंत बसून खाईन.