तेलावर घसरून मिळालेली बहीण

कॅम्प-१, भिलाई
भाऊबीजेचा दुसरा दिवस, १९८७

तुमसरच्या आमच्या थोरल्या सिंधुताईले धाकट्या हिरालालचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतीन, भावजी खुशाल असतीन, म्हैस दूध देऊन राहिली असन. इकडे तुझी भावजय नलू बरी आहे. माझं कंबरडं सोडून मीबी बरा आहे, अन् त्या कंबरड्याचीच ही हकिकत.

काल मी काऊन आलो नाई ते आधी वाच, मंग रुसायचं तेवढं रुस. रेल मिलमधी नाइट शिफ्ट होती. सकाळी माझ्या जागेवर येणारा देवाजी आलाच नाई (त्यालेबी बहीण आहे म्हणे, दिवाळीलेच आठवते). दहाले सुटलो, तवा तुमसरची पॅसेंजर कवाचीच गेली होती. तसाच रागात घरी आलो, अन् शेजारच्या उंबऱ्यापाशी तेलावर असा घसरलो की थेट त्यायच्या घरात जाऊन पडलो.

घर टेकबहादूरचं. नेपाळचा माणूस, हथखोजच्या एका कारखान्यात चौकीदार. त्याची बायको धनमाया भाजीचा पाला आंबवून वाळवते. त्या वासापायी नलू तिच्याशी दोन वर्षं बोलत नोती. मी भांडायच्या तयारीनंच उठलो. पाहतो तर बाई रिकाम्या पाटापुढं बसलेली. पाटावर भावाचा फोटो, बाजूले सात रंगांच्या वाट्या, अन् डोळ्याले पदर. तिनं हिंदीत सांगतलं, आज आमच्या मुलखात भावाले टिका लावतात, यम येऊ नये म्हणून तेलाची धार सोडतात. भाऊ तिकडं नेपाळात पोखऱ्याकडं, सात वर्षांत भेट नाई.

ताई, यम बहिणीकडं जेवाले गेला ती गोष्ट तू मले दरवर्षी सांगतेस ना, तीच गोष्ट ती मले सांगून राहिली होती. माझं भांडण तोंडातच राहिलं.

ती हळूच म्हणाली, "भैया, बैठोगे?"

मी तिच्या भावाचा फोटो मांडीवर घेतला अन् पाटावर बसलो. कपाळावर सात रंग चढले, दारात यमाच्या नावानं अक्रोड फुटला, तांदळाच्या पिठाचं गोड कडं खाल्लं (आपल्या अनरशाच्या घराण्यातलंच). तेवढ्यात नलू मले शोधत आली. नवरा परक्या घरात, रंगवलेल्या कपाळानं! पण सगळं ऐकून ती घरी गेली अन् ओवाळणीचं तबक, करंज्या घेऊन आली. धनमायाले ओवाळणं तिनंच शिकवलं. जेवणात तो वाळला पाला आला. चव थेट आपल्या सुक्या हरभऱ्याच्या भाजीवर जाणारी. नलूनं दोनदा मागून घेतला.

आज टिका न पुसता ड्युटीवर गेलो. फोरमनसाहेब पुसाले सांगत होते. मी त्यायले सगळी गोष्ट सांगतली. आता पुढच्या सालच्या पाटासाठी मिलमधल्या आठ जणांनी नावं दिली, पहिलं नाव साहेबाचं.

तुझा भाऊ,
हिरालाल

ता.क. तबकात टाकाले जवळ काहीच नोतं. पिशवीत तुझ्यासाठी घेतलेली साडी होती. ते तू समजून घेशीन.

आणखी ता.क. ती साडी नेसून धनमाया येत्या रविवारी तुले भेटाले येऊन राहिली. मी तिले सांगून बसलो की तूच बोलावलं. तवा एक बोलावण्याचं कार्ड लवकर टाक.

शेवटचं ता.क. साडीचा रंग विचारू नको. तुले आवडला असता.