शेतावर विरजण

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने काहीतरी लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्यांची सोय होते.

नोकरी लागली. जैविक खतांची कंपनी. पद: क्षेत्र प्रसारक. माल दोन प्रकारचा: बाटलीत द्रव, ट्यूबमध्ये जेल. दोन्हींत जिवंत जिवाणू. एका थेंबात कोट्यवधी. हवेतला नायट्रोजन पकडून पिकाच्या मुळाशी आणून देतात. पगार नाही, रजा नाही, कुरकुर नाही. मी असा असतो तर आज कुठे असतो!

साहेब फोनवर म्हणाले, हंगाम संपेपर्यंत गावातल्या दहा शेतकऱ्यांनी मागणी नोंदवली तर तुम्ही कायम, आणि कंपनीच्या दोन खोल्या राहायला. नाहीतर शाखा बंद. शाखा म्हणजे मीच.

बायकोला दोन खोल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, बरं. सासऱ्यांच्या घरी राहून चौथं वर्ष चाललंय. घरजावई हा शब्द या घरात कुणी काढत नाही. काढत नाही म्हणूनच जास्त ऐकू येतो.

५ नोव्हेंबर
दारोदार फिरलो. एक छोटीशी अडचण. गेल्या वर्षी याच दारांवर मी जंतुनाशक विकत होतो. जंतू दिसेल तिथे मारा, हे माझंच भाषण, लोकांना पाठ आहे. आज मीच म्हणतोय, जंतू घ्या.

मिशीवाले काका शेजारच्या शेताचे मालक. गावात त्यांच्या शब्दाला वजन. सगळ्यांसमोर म्हणाले, मागच्या वर्षी मारलेलेच बाटलीत भरून आणलेत का? लोक हसले. मीही हसलो, मोठ्या मनाने. मग जंतू आणि जिवाणू यांतला फरक समजावला. मध्येच काका गुरांना पाणी दाखवून आले. मी थांबलो नाही.

काकांना जेलची ट्यूब फुकट दिली. एका बाईंनी बाटली उलटसुलट करून विचारलं, हे खोकल्यावर चालेल का. सुरुवात म्हणून वाईट नाही.

मागणी: शून्य.

९ नोव्हेंबर, सकाळ
सापडलं! काल रात्री सासूबाई दुधाला विरजण लावत होत्या. चमचाभर ताक, आणि सकाळी भांडंभर दही. हेच तर आपलं तंत्रज्ञान! इतके दिवस मी नायट्रोजन नायट्रोजन करत बसलो. शेतकऱ्याला त्याच्या घरातल्या शब्दात सांगायला हवं. साहेबांनासुद्धा हे सुचलं नाही.

लगेच बॅनर छापायला टाकला. मोठा. स्वतःच्या खर्चाने. बायकोला दाखवला नाही, सरप्राइज.

११ नोव्हेंबर
बॅनर चौकात लागला. हिरव्यावर पिवळी अक्षरं, अर्ध्या मैलावरून दिसतात:

आपल्या शेतावर विरजण घाला! आम्ही मदत करू.

बॅनर बांधणारा शिडीवरून उतरून पुन्हा वाचायला लागला. प्रभाव. बायकोला मुद्दाम तिथे नेलं. तिने वाचलं, पदर तोंडाला लावला आणि दुकानाच्या पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, अभिमान. मग म्हणाली, अहो, उत्साहावर विरजण पडतं, आनंदावर विरजण पडतं, तुम्ही लोकांच्या शेतावर घालताय होय?

तिला सांगितलं, तो जुना अर्थ. मी या शब्दाला नवा अर्थ देणार आहे. भाषा अशीच वाढते.

१४ नोव्हेंबर
नवा अर्थ मिळाला. मीच. गावात माझं नाव आता विरजण. पाराशी पोचलो की कुणीतरी म्हणतं, आलं बघा. आज एकाच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. त्याने हात जोडून सांगितलं, आजच्या दिवस आमच्या घरावरून जाऊ नका.

ब्रँड रिकॉल म्हणतात याला.

मिशीवाल्या काकांना जेल आवडलं. मिशीला लावतात. दिवसभर ताठ राहते म्हणे, वासही बरा. पुढची ट्यूब मागितली. ही मागणी धरावी का, साहेबांना विचारलं. साहेबांनी फोन ठेवला. रेंज नसावी.

१६ नोव्हेंबर
जेवताना सासरेबुवा स्वतःहून बोलले. वाटाणा पेरायचाय, रस्त्याकडेचे दोन पट्टे शेजारी शेजारी आहेत. एक तुमच्या बाटलीचा, एक बिनबाटलीचा. तुमचा सरस निघाला तर मी स्वतः गावापुढे उभा राहून सांगेन, घ्या म्हणून. नाही निघाला, तर जावईबापू, माझ्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं आणि जिवाणूचं नाव काढायचं नाही.

मान्य केलं. जोरात मान्य केलं. मग वाढलेलं संपवता आलं नाही. सासरेबुवांनी आजवर मला इतकं मोठं काही सोपवलेलं नाही. एकदा लग्नात मुलगी सोपवली होती, पण तेव्हा त्यांना माहिती कमी होती.

१८ नोव्हेंबर
पेरणी. बाटलीवर लिहिलंय, स्वच्छ भांडं वापरा. इथे माझा अनुभव कामी आला. निळा ड्रम घेतला आणि गेल्या वर्षीच्या उरलेल्या जंतुनाशकाने तीनदा धुतला. लिंबाच्या वासाचं, फरशी, भांडी, हात, सगळ्याला एकच. ड्रम असा लखलखला की तोंड दिसावं. खात्रीसाठी एक झाकण पाण्यातही टाकलं. मग त्यात बाटली ओतली, बियाणाला चोळली, बियाणं सावलीत वाळवलं, पेरलं. दुसरा कुणी प्रसारक इतकी स्वच्छता पाळणार नाही.

उगवलं की जेलचं पाणी मुळाशी सोडायचं. ड्रम तोच, पद्धत तीच.

२९ नोव्हेंबर
उगवलं. जेलचं पाणीही सोडलं. दोन्ही पट्टे सारखे. अगदी सारखे. जिवाणू कामाला लागायला वेळ घेत असतील. नव्या ठिकाणी मलाही लागतो.

१२ डिसेंबर
सारखे होते तेच बरं होतं. आता माझा पट्टा पिवळट आणि खुजा दिसतोय. बिनबाटलीचा मजेत आहे.

कारणं: (१) माझ्या पट्ट्यावर रस्त्याची धूळ. (२) बांधावरच्या झाडाची सावली. सावली दुसऱ्या पट्ट्यावर पडते हे खरं, पण वाटाण्याला सावली मानवत असेल. (३) लोकांची दृष्ट.

साहेबांना फोटो पाठवला, माझ्या पट्ट्याचा जरा लांबून. त्यांनी विचारलं, बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या का? छे! पलंगाखाली ठेवल्यात, पांघरुणात. मग पाणी, भांडं सगळं नीट होतं ना? म्हटलं, साहेब, भांड्यात तोंड बघा.

१५ डिसेंबर
बांधावर बसलो होतो. कुणी नव्हतं म्हणून रडून घेतलं. बराच वेळ. हातापाया पडलो, कुणाच्या माहीत नाही, त्या कोट्यवधींच्याच. म्हटलं, बाबांनो, एकाने तरी उठा. मला कायम व्हायचंय. बायकोला दोन खोल्या सांगून बसलोय, ती रोज काही विचारत नाही, ते मला सोसवत नाही.

कुणी पाहिलं नाही हे एक बरं. पलीकडून फक्त मिशीवाले काका बैल घेऊन गेले. शिवाय सासूबाई भाजी खुडत होत्या, पण त्यांना लांबचं दिसत नाही. बायको डबा घेऊन आली ती नंतर.

२४ डिसेंबर
चमत्कार! पट्टा हिरवा झाला! नुसता हिरवा नाही, काळाभोर. पानं तळहाताएवढी. उठले माझे पठ्ठे!

मी म्हणालोच होतो, वेळ लागतो. सासरेबुवांना बांधावर नेऊन दाखवलं. ते दुसरीकडे बघत म्हणाले, हो, बरं दिसतंय. हार पचवणं कठीणच असतं. मी जास्त ताणलं नाही.

घरातही वातावरण बदललंय. सासूबाई आता पहाटे फिरायला जातात, हातात वाटी घेऊन. वाटी कशाला, विचारलं. म्हणाल्या, फुलं आणते. येताना वाटी रिकामी. या दिवसांत फुलं कमीच. बायकोही संध्याकाळी शेताकडे चक्कर मारते. माझ्या कामात रस घ्यायला लागली.

खताच्या दुकानदाराने रस्त्यात गाठून टोमणा मारला, यंदा तुमच्या घरी युरिया भारी खपतोय हो, एकेक जण येऊन चोरून नेतोय. धंदा बसणार म्हणून जळफळाट. मी नुसता हसलो.

५ जानेवारी
पट्टा कमरेला लागला. वेल एकमेकांच्या अंगावर पडतायत. शिवारफेरी ठरवली: अठरा तारखेला सगळ्या गावाने शेतात यायचं, साहेब येणार, मागणी जागच्या जागी नोंदवायची. बॅनर तोच. आता लोकांना कळेल विरजण म्हणजे काय.

फुलं अजून धरली नाहीत. बिनबाटलीच्या पट्ट्याला शेंगासुद्धा लागल्या, पण ते घाईचं काम. आपल्याकडे आधी तब्येत, मग संसार.

बायकोला म्हटलं, खोल्यांना पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे बघून ठेव. ती रडवेली झाली. आनंद.

१७ जानेवारी
भाषण पाठ. मुद्दा मुळांवरच्या गाठींचा. जिवाणू मुळांत घर करतात, तिथे मण्यांसारख्या गुलाबी गाठी येतात. उद्या रोप उपटून गाठी दाखवायच्या आणि म्हणायचं, हे पहा कामगारांचे बंगले! इथे टाळ्या.

शेंगांबद्दल कुणी विचारलं तर: उशिराचं वाण.

१८ जानेवारी, संध्याकाळ
लिहवत नाही. पण लिहितो.

गाव झाडून आलं होतं. हिरवाई बघून लोक वाकून पानं चाचपायला लागले. मिशीवाल्या काकांनीसुद्धा मान डोलावली. मी भाषण केलं, चांगलं झालं. मग रोप उपटलं, झटकलं, वर धरलं आणि म्हणालो, हे पहा बंगले.

मुळं पांढरीशुभ्र होती. धुतल्यासारखी. एक मणी नव्हता. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. साहेब शेजारच्या पट्ट्यात गेले आणि तिथलं एक उपटून आणलं. बिनबाटलीचं. त्याला मूळभर गाठी, वर शेंगा लोंबतायत. मातीतले गावठी जिवाणू, फुकटचे, आमंत्रण नसलेले.

साहेबांनी हळूच विचारलं, खरं सांगा, युरिया किती घातलात? एवढा पाला आणि शेंग नाही, गाठ नाही, म्हणजे युरिया बेसुमार पडलाय. मी सगळ्यांसमोर शपथ घेतली. एक दाणा नाही. माझं काय वाट्टेल ते होवो.

तेव्हा सासरेबुवा खाकरले. म्हणाले, शपथ नका घेऊ जावईबापू, मी घातला. थोडासाच. मला वाटलं होतं, पोराचं जमून जाईल.

सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, तुम्हीपण? मी रोज वाटीभर टाकत होते की.

बायकोने हातातली पिशवी पदराआड घेतली, ती सगळ्यांनी पाहिली.

मग काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, बांधावर बसून रडत होता हो, बघवेना. आमच्याकडचंही अर्धं पोतं गेलंय त्यात.

कुणी हसलं नाही. एकजण जरी हसला असता तरी मला उभं राहता आलं असतं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि शाखा बंद झाल्याचं सांगितलं. लोक जाताना माझ्याशी फार चांगलं वागले.

२० जानेवारी
दुकानात बसतोय. खिळे, कड्या, बिजागऱ्या. सगळ्याचा विचार करता एक गोष्ट ठरली: दोष बाटलीचा. इतकी मेहनत, इतकी स्वच्छता, आणि एक गाठ नाही? युरिया तर मागाहून पडला. त्याआधीच पट्टा पिवळा होता. म्हणजे माल मेलेला होता. कंपनीने मला फसवलं. साहेबांना कडक शब्दांत कळवणार आहे.

घरच्यांवर राग नाही. त्यांना बाटलीवर भरवसा नव्हता, बरोबरच होतं. रात्री बायकोला विचारलं, मग माझ्यावर होता का? म्हणाली, तुमच्यावर असता तर युरिया कशाला आणला असता. मग म्हणाली, पण तुम्ही रडलेलं चालत नाही मला.

निश्चय: घरात उपयोगी पडायचं. आज सगळ्यांची भांडी मी घासली.

२१ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघरात गलबला. दही लागलं नाही. दूध जसंच्या तसं, पातळ. सासूबाईंनी दोनदा वास घेतला आणि विचारलं, दह्याचं भांडं काल कुणी घासलं?

मी पुढे झालो. म्हटलं, मी. आणि चांगलं घासलंय, माझ्या जंतुनाशकाने, तीनदा. लिंबाचा वास येतोय ना? तोच.

सासूबाई हसायला लागल्या. म्हणाल्या, अहो जावईबापू, मग त्यात विरजण जगेल कसं?

सगळे हसले. सासरेबुवासुद्धा, कितीतरी दिवसांनी. बायको तर पाटावरून कलंडलीच. त्यांना हसताना बघून बरं वाटलं, म्हणून मीही हसायला लागलो.

आणि मग मला निळा ड्रम आठवला.

साहेबांना लिहिलेलं पत्र फाडलं. पलंगाखाली अजून बाटल्या आहेत, पांघरुणात, थंड, सावलीत, सगळ्याच्या सगळ्या जिवंत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. हसतायत, हसू दे.