उन्हाळ्यापुरती हलकी

१९ मे, सकाळ
संकल्प: आजपासून दुकानातली बिअर बंद. घरात होते ते कॅन काल संपवून टाकले. उगाच मोह नको.

कारण बायकोचा, मार्लिसचा फोन. ईस्टरपासून ती आमच्या पोरीला, ब्रिजिटला घेऊन डुलूथला बहिणीकडे आहे. बहिणीच्या स्वयंपाकघराला रंग देताहेत म्हणून. स्वयंपाकघर बरंच मोठं असणार. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, दोघी येणार, आठवडाभर राहणार. सगळं ठीक वाटलं तर कायमच्या, आणि ब्रिजिट पुन्हा इथल्याच शाळेत. अट एकच. म्हणाली, "लायल, घरात थेंब जरी दिसला ना, तर मी गाडीतून सामानसुद्धा काढणार नाही." मी म्हणालो, अगं, शब्द दिला.

२० मे
थेंब म्हणजे अर्थातच विकतचा थेंब. घरी केलेल्याची गोष्ट वेगळी. तो छंद झाला. लोणचं घालणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणतं का? शिवाय चार जुलैला अंगणात सॉसेज भाजायचे, ते आधी बिअरमध्ये उकळावे लागतात. विस्कॉन्सिनात राहून पाण्यात उकळले तर शेजारी बोलणं टाकतील.

तर एक बिअर करायची. उन्हाळ्यापुरती. हलकी. मार्लिससुद्धा घोटभर घेऊन म्हणेल, अरे वा!

२४ मे
कुठली करायची हाच प्रश्न. गव्हाची करावी, संत्र्याची साल आणि धणे घालून? की जर्मनीतल्या कोलोन शहराची ती फिकट? तिला मुरायला थंडावा लागतो, आणि तळघरातला फ्रिज मार्लिसने विकला. की बर्लिनची आंबट? अभ्यास केल्याशिवाय कसं ठरवणार? प्रत्येक प्रकारच्या थोड्या बाटल्या आणल्या. हा अभ्यास आहे, संकल्पात बसतो.

संध्याकाळ. अभ्यास संपला. काहीच ठरलं नाही. गव्हाच्या बिअरचा अभ्यास पुन्हा करावा लागेल.

२६ मे
घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबच्या बैठकीला गेलो. म्हातारा नॉर्ब घरची बिअर चाळीस वर्षं करतोय. म्हणाला, "उन्हाळ्यात उन्हाशी भांडू नकोस बाबा. सेझाँ कर." बेल्जियमच्या शेतांवरची बिअर. मजूर दुपारी प्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. म्हणजे जवळजवळ पाणीच! तिचं यीस्ट उकाड्यातच खुलतं. ठरलं.

मग नॉर्बने लेक्चर दिलं. "एक लक्षात ठेव. हे यीस्ट अर्ध्यात रुसतं. बुडबुडे बंद, सगळं गप्प. ते संपलेलं नसतं. तेव्हा बाटल्या भरशील तर मरशील. वाट बघायची. रुसलेल्यापुढे घाई चालत नाही." म्हाताऱ्यांना बोलायला विषय लागतो.

३१ मे
आज शिजवली. शिजवताना हातात ग्लास असावा हा क्लबचा रिवाज. रिवाज पाळला. त्यातच जरा डोळा लागला आणि पातेलं उतू गेलं. मार्लिसच्या शेगडीवर काळा थर बसलाय. घासून टाकीन, त्यात काय. शेवटचे हॉप्स, ती कडवट फुलं, घालायचे राहिले. बरंच झालं, बायकांना कडू आवडत नाही.

पिंप ब्रिजिटच्या खोलीत ठेवलं. माळ्यावरची ती खोली घरात सगळ्यात तापते. यीस्टला आणखी काय पाहिजे?

६ जून
बुडबुडे धो धो! काचेचा काटा तरंगवून गोडी किती उरली ते मोजावं लागतं. त्यासाठी पेलाभर काढायची. काढलेली परत ओतायची नाही, पिंप नासतं. फेकायला जीव होत नाही. म्हणून पितो. शास्त्र म्हणजे शास्त्र. सकाळ-संध्याकाळ मोजतो. दुपारीही मोजलं तर जास्त अचूक येईल.

कागद कारखान्याने मला रजा दिली आहे, बिनतारखेची. त्यामुळे मोजायला सवड आहे.

१२ जून
ब्रिजिटचा फोन. अकरा वर्षांची पोर, पण आवाज आईचा. "पप्पा, माझी खोली आहे तशीच आहे ना?" मी म्हणालो, तुझ्या खोलीत तर गंमत चाललीय! तिने विचारलं, "तू आत्ता पीत नाहीयेस ना?" मी म्हणालो, छे गं, मोजतोय. मग फोन कट झाला. लाइन खराब असणार.

१८ जून
बुडबुडे बंद. काटा म्हणतो गोडी बाकी आहे. काटे चुकतात. नॉर्बला फोन केला तर ओरडलाच: "हात लावू नकोस! दोन-तीन आठवडे विसरून जा!" त्याला काय जातंय? चार जुलै तोंडावर आलीय. शिवाय मोजून मोजून पिंप अर्ध्यावर आलंय. वाट बघितली तर भरायला उरणार काय?

१९ जून
बाटल्या भरल्या. फेसासाठी साखर जरा सढळ हाताने. बिअरला ऊब हवी पण उजेड नको, म्हणून सगळ्या ब्रिजिटच्या पलंगाखाली लावल्या. जागा अगदी मापात. मी स्वतःवर खूश आहे.

३ जुलै, संध्याकाळ
शेजारची कार्टी आजच फटाके फोडताहेत! धडाधड, अगदी डोक्यावर फुटल्यासारखे. एक दिवस धीर धरवत नाही यांना. खिडकीतून ओरडलो तर शेजारीण म्हणाली, "आमची मुलं तळ्यावर गेलीत, लायल. झोप जरा." धडधडीत खोटं. या देशात शिस्त म्हणून राहिली नाही.

४ जुलै, सकाळ
आज येणार! दाढी केली. बटाट्याचं सॅलड केलं. शेगडीवर टॉवेल टाकला. वर गेलो नाही, जिना आज फिरतोय. गंमत तिलाच पाहू दे. वरून पावासारखा छान वास येतोय. जिन्यापाशी छत जरा ओलं दिसतंय. पाऊस झाला असावा.

४ जुलै, रात्र
ब्रिजिट गाडीतून अनवाणीच उतरली ती थेट वर पळाली. मग ओरडली.

पलंगाखालच्या बाटल्या आत वायू कोंडून फुटल्या होत्या. गादी खालून फाटलेली. पोहण्याच्या शर्यतीतल्या तिच्या बक्षिसाच्या फिती चिकट होऊन भिंतीला चिकटलेल्या. उशीत काच. दारातच तिच्या तळपायाला लागली. फार नाही. मार्लिसने पाय धुतला, पट्टी बांधली. मी म्हणालो, हलकी आहे गं, शेतमजुरांची. मार्लिस ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उशीतला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि हळू म्हणाली, "आज ही इथे झोपणार होती, लायल."

मी ब्रिजिटला म्हणालो, फिती धुऊन देतो. ती म्हणाली, "राहू दे, पप्पा." माझ्याकडे बघितलं नाही. सामान गाडीतच होतं.

५ जुलै
काच वेचताना भिंतीच्या कडेला एक बाटली शाबूत सापडली. लांब धरून, टॉवेलात गुंडाळून उघडली. छान जमलीय. खरंच छान. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून नॉर्बला फोन लावला. चवीबद्दल त्याने काही विचारलं नाही. म्हणाला, "मुलगी येणार होती ना रे? आली का?"

मी म्हणालो, हो, येऊन गेली.