विसरलेलं पेन

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३, संध्याकाळ

पेन घरपोच आलं.

सकाळी महापालिकेत हरकतीचा अर्ज दिला. कन्व्हेन्शन सेंटर वाढवायचंय तर ज्यांना तिथे प्रदर्शनं भरवायचीत त्यांनी वाढवावं, आमच्या घरपट्टीतून कशाला? पालिकेच्या शाळेत चौथीची पोरं अजून व्हरांड्यात बसतात. एवढंच लिहिलं. गल्लीतले सगळे म्हणाले, "बाई, पहिली सही तुमची." आणि मी केली! पोच घेण्याच्या घाईत पेन तिथेच राहिलं.

सहाला दार वाजलं. अनोळखी माणूस, अगदी हसतमुख. "बाई, पेन विसरलात." पेन उंबऱ्याशी ठेवून जिना उतरताना मागे वळून म्हणाला, "पालिकेचाच पगार आणि पालिकेवरच हरकत?"

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे हे अर्जात कुठेच लिहिलेलं नाही. कोणी सांगितलं असेल?

हे म्हणतात, अर्ज मागे घे. घेतला तरी त्याला घर कळलंच ना?

आत्ताच शेजारच्या काकू येऊन गेल्या. "बाई, माझी सही खोडता येईल का हो?" मी हो म्हटलं. उद्या सगळेच येतील. मग कागदावर मी एकटीच.

पेन अजून उंबऱ्याशीच पडलंय. हे पेन्सिलने लिहितेय.