इकडचं ठेवायचं, तिकडचं सोडायचं

३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. बघा, तुम्ही शिकवलेलं वाक्य अजून चुकत नाही. खरं तर फोनच करणार होते, पण तुम्ही कानातलं यंत्र लावत नाही आणि सगळ्याला 'हो हो' म्हणता. या वेळी 'हो हो'वर भागणार नाही.

मला जन्मापासून दोन नागरिकत्वं आहेत, आईमुळे तुमच्या देशाचं आणि बाबांमुळे या देशाचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आजवर त्याचा मला काही त्रास नव्हता. आता नियम आला आहे की वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत एकच ठेवायचं. माझा वाढदिवस जूनमध्ये. काहीच केलं नाही तर काय होतं, हे दोन्ही कचेऱ्या वेगवेगळं सांगतात, म्हणून माझी झोप उडाली आहे.

तुमच्याकडचं सोडलं, तर तुमच्या घरी मी पाहुणी. व्हिसा काढायचा, मुदत संपायच्या आत निघायचं. ज्या घरात पाच वर्षं राहून शाळा शिकले, त्या घरात. आणि इथलं सोडलं, तर ज्या शहरात जन्मले तिथे राहायला दर वर्षी परवाना. शिवाय मी शिकते आहे त्या लिफ्टदुरुस्तीच्या कामात, लिफ्ट तपासून एकटीने सही करायचा अधिकार इथे नागरिकांनाच मिळतो. म्हणजे उमेदवारी संपली तरी मी जन्मभर फोरमनच्या मागे पाने-पकडी घेऊन उभी.

बाबा म्हणतात, तुझं तू ठरव, आणि लगेच गॅलरीत जाऊन उभे राहतात. आई भांडी अशी घासते की खालचे लोक वर बघतात. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक तुमच्याकडचं नागरिकत्व ठेवण्याचा, एक ते सोडण्याचा. आईमुळे माझी नोंद तुमच्याकडच्या कचेरीत आहे, तिथे यातला एकच द्यायचा आहे. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून मी दोन्हींवर सही करून ठेवली आहे, आणि माझ्या वतीने द्यायचं अधिकारपत्रही तुमच्या नावाने केलं आहे. माझं ठरलं की कळवते. मग तो एक द्या आणि दुसरा फाडून टाका. आई म्हणाली, असे सही केलेले कागद कुणी कुणाला देतं का. मी म्हटलं, मामांना देतं.

मामीला नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू द्या, वाढवलात तर ठरवणं आणखी अवघड होईल.

आपली,
भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक. तुझी मामी तिच्या बहिणीकडे गेली आहे, बहिणीचं माकडहाड दुखावलंय. मे संपेपर्यंत काही येत नाही. तेव्हा घरात माझं राज्य आहे, म्हणजे एकच पातेलं आणि एकच चमचा. चष्म्याचं दुकान बरं चाललं आहे. परवा एक गृहस्थ दोन वर्षं बायकोचा चष्मा घालून हिंडत होते असं निघालं, आणि त्यांना तोच हवा आहे.

कागद पोचले. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, काचांच्या डब्याखाली ठेवले आहेत. मी दिवसातून एकदा ड्रॉवर उघडून बघतो, ते तिथेच असतात.

तू सल्ला मागितला नाहीस, ते बरं केलंस. मी सांगितलं तर तू ऐकशील, आणि मग पुढे कधी बिनसलं की मनातल्या मनात मला बोल लावशील. पण मला काय वाटतं ते लपवून ठेवणंही जमत नाही, म्हणून एकदाच लिहितो. तू परत यावीस असं मला वाटतं. तू लहान असताना आईशी फोनवर भांडायचीस ना, तू इकडे ये, मी तिकडे येणार नाही म्हणून, ते मला अजून ऐकू येतं, यंत्र न लावता. आता हे वाचलंस, विसर आणि ठरव.

एवढंच बघ की घाईत ठरवू नकोस. नवा चष्मासुद्धा आठ दिवस घालून बघायला सांगतो आम्ही.

आईबाबांना माझी आठवण सांग. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझा मामा


१४ मे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. घाईत लिहिते आहे, पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली आहे.

माझं ठरलं. काल कामावर एक गोष्ट झाली आणि मी कुठली आहे ते मला लख्ख कळलं. इतके महिने उगाच घोळ घालत बसले. तेव्हा इकडचं ठेवायचं, तिकडचं सोडायचं. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तो कागद देऊन टाका, कारण माझं मन कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, पोच आली की दाखवीन.

मामी आल्या का? माझा नमस्कार. आता तुम्ही माझ्यावर खुशाल हवी तेवढी माया करा.

आपली,
भिंगरी


३० मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून कचेरीत गेलो. काम झालं. पोच सोबत जोडली आहे, जपून ठेव. दुसरा कागद सांगितल्याप्रमाणे फाडला.

खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलीचं नक्की ठरलंय ना. मी म्हटलं, तिने स्वतःच्या हाताने लिहून कळवलंय. त्या म्हणाल्या, तरुण मुलं आहेत, जिथे पोट तिथे मन. मला ते वाक्य काही पटलं नाही, पण मागे रांग होती.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्म्याने, पण दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. पण मला वाईट वाटलं म्हणून तुझं चुकलं असं होत नाही. आता सही करणारी लिफ्टवाली बाई हो. पुढच्या वेळी मी आलो की तू तपासलेल्या लिफ्टमध्येच बसेन, आणि तीही वरपर्यंत गेली पाहिजे.

मामी येत्या आठवड्यात येते आहे. पातेली दोन होतील. येत जा, जमेल तेव्हा, जमेल तशी.

तुझा मामा


१२ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील... मामा, हाच शब्द आता लिहवत नाही.

तुम्ही सोडण्याचा कागद दिलात. मी ठेवायचं म्हटलं होतं. इकडचं म्हणजे तुमचं. मी सात वर्षांची तुमच्या घरी आले, मराठी नीट बोलायला तिथेच लागले, आणि इकडे म्हणजे तुमचं घर, तिकडे म्हणजे आईबाबा, हे तेव्हा जे बसलं ते बसलं. परत आल्यावरही मी तसंच म्हणते. आई हसते, पण तिलाही सवय झाली आहे. पत्राच्या वर मात्र मी तुमचं वाक्य लिहिते, तिथे इकडील म्हणजे इथलं. एकाच पत्रात मी 'इकडे' दोन अर्थांनी लिहिलं, आणि तुम्ही पहिलं धरलंत. धरणारच. तुम्हीच शिकवलं होतं.

त्या दिवशी काय झालं होतं तेही मी लिहिलं नव्हतं. आम्ही एका इमारतीत लिफ्टचे ब्रेक बघत होतो. एक बाई दारात आल्या आणि फोरमनना म्हणाल्या की ही बाहेरची मुलगी ब्रेकला हात लावणार असेल तर मी जिन्याने जाते. मी तिथून दोन गल्ल्यांवर जन्मले आहे. फोरमन हसले. त्या हसण्याचाच मला जास्त राग आला. तिथून तडक घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला लिहिलं.

आता काय वाटतं म्हणून विचाराल, तर आधी तुमचा राग आला, मग तुमची दया आली, मग हसायला आलं आणि मग मी रडले. क्रम नक्की आठवत नाही. आई पोच हातात घेऊन नुसती बसली आहे. चूक कुणाची, तेही कळत नाही. माझ्यावर रागावू नका, मी रागावले तरी.

आपली,
भिंगरी


२५ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला वाचायला दिलं. तिने आधी तुझं मे महिन्यातलं पत्र मागितलं, एका दमात वाचलं आणि म्हणाली की ह्या पोरीचं इकडे म्हणजे आपलं घर, हे शेजारच्या मांजरालाही माहीत आहे, तुम्हाला कसं नाही. ती घरात असती तर हे झालं नसतं. हे ती दिवसातून चारदा सांगते आणि मी चारदा कबूल करतो.

आयुष्यभर समोर बसलेल्या माणसाचे डोळे तपासले. त्याचा उजवा तो माझ्या डावीकडे, हे मी झोपेतही चुकत नाही. समोरच्याच्या जागी बसून बघायची इतकी सवय की तुझं पत्रही मी तुझ्या जागी बसून वाचलं, आणि तू तर माझ्याच घरात बसली होतीस. मला माझीच लाज वाटते.

पण ऐक, सगळं बुडालेलं नाही. मी कचेरीत जाऊन आलो. कागद वरच्या कार्यालयात जुलैअखेर जातो, तोवर परत घेता येतो. त्या बाई म्हणाल्या, दोन शपथपत्रं लागतील. माझ्याकडून समजण्यात चूक झाली, असं माझं. माझं देऊनही आलो. दुसरं तुझं, एका ओळीचं: हे नागरिकत्व सोडण्याचा माझा हेतू नव्हता. तेवढं सही करून लगेच पाठव. वाढदिवस टळून गेला तरी चालेल, कारण पहिला कागद वेळेत दिलेला आहे.

उशीरच झाला, पण वाढदिवसाचे आशीर्वाद घे. मामाला माफ कर, निदान सही करेपर्यंत तरी.

तुझा मामा


९ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ती एक ओळ लिहायला मी रोज बसते. हेतू नव्हता, हे खरं आहे. मे महिन्यात माझा हेतू नव्हताच. पण खाली तारीख आजची टाकायची आहे, आणि तिथेच माझा हात थांबतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. क्रम आठवत नाही म्हटलं, ते खोटं होतं. तुमची पोच मी कामावरच उघडली, गच्चीवरच्या यंत्रखोलीत. काय दिलं गेलं ते वाचलं, आणि रागाच्याही आधी, अगदी पहिलं, मला हायसं वाटलं. सुटल्यासारखं. मग त्या हायसं वाटण्याची इतकी शरम वाटली की मी रागावले आणि रडले. रडले ते खरं, पण ते नंतरचं.

का हायसं वाटलं, ते विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. इथे सगळं चांगलं आहे असं मुळीच नाही. त्या बाई अजून जिन्यानेच जातात. फोरमन अजून हसतात. परवा तर मलाच वाटलं की उद्याच सामान बांधावं. पण ब्रेक बसवताना जो बारीक 'टक' आवाज होतो, तो ऐकला की मी इथली असते, आणि घरी पोचेपर्यंत परत कुठलीच राहत नाही. तुमच्या घरी मी लहान होते, मामा. तिथे परत जाऊन मोठी कशी होऊ, ते मला दिसत नाही. कदाचित हेही चूक असेल. आई विचारते, नक्की ना, आणि मी म्हणते, नाही.

तुम्ही चुकलात हे मी नाकारत नाही, कारण चुकलात. पण ती चूक तशीच राहू द्या. शपथपत्र मी पाठवत नाही.

हे वाचून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल अशी भीती वाटते. टाकू नका. मला रागावून लिहा, पण लिहा.

तुमची,
भिंगरी


२७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल कचेरीत जाऊन माझं शपथपत्र परत मागितलं. त्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, म्हणजे तुमची चूक झाली नव्हती का? मी म्हटलं, झाली होती, पण मुलीला ती हवी आहे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कागद देऊन टाकला.

मामीने तुझं पत्र वाचलं आणि तुझ्या खोलीतला शिवणयंत्राचा पसारा आवरायला घेतला. पाहुणी येणार तर खोली पाहुणीसारखी हवी, असं म्हणते. तिचा राग असाच असतो, हे तुला माहीत आहे. तुझ्या व्हिसासाठी लागणारे निमंत्रणाचे कागद मी आणून ठेवले आहेत, तू तारखा कळव म्हणजे भरतो. बोलणं टाकायचं म्हणशील तर मला फोनवर तसंही ऐकू येत नाही, आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहितो. तुझं पत्र वाचून मलाही पहिलं हायसंच वाटलं, की चला, आपल्या हातून पोरीचं नुकसान झालं नाही. महिनाभर छातीवर धोंडा होता तो उतरला. मग दुकानात येऊन बसलो, एका मुलाचे डोळे तपासले, त्याला बाहेर पाठवलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की तू गेलीस ती माझ्यामुळे नाही, तू स्वतःच गेलीस. तेव्हापासून एकच वाटतं आहे. सगळी चूक माझीच असती तर बरं झालं असतं.

तारखा कळव.

तुझा मामा