बसून खाणारे प्रोग्राम

३ जून
डेअरीचं कॉम्प्युटर हळू चालतंय म्हनून सूनबाई मनिषा रोज रडती. आजपासून मी बघनार. चेअरमन मी हाय का ती? पडद्यावर प्रोग्रामांची यादी काढली. दहा-बारा जन, समद्यांम्होरं काम शून्य. फुकटे! आपल्या रानात बसलेला गडी मी दुपारपर्यंत ठेवत न्हाई. समदे काढले.

४ जून
सर्व्हर बंद. कंपनीचा मालच खराब. दुधाची पावती निघंना, अन् पावतीबिगर टँकरवाला दूध भरंना. गेला तसाच. दूध नासलं. दूध घालनारा शहादेव समद्यांम्होरं म्हनला, चेअरमन, दूध घ्या न्हाईतर खुर्ची सोडा. त्याच्या म्हशीला फॅट न्हाई अन् ह्याला तोंड लई.

५ जून
माजलगावहून कॉम्प्युटरवाला अशफाक आला. चालू केलं. म्हनतो, "चाचा, त्ये मागं बसून राबतेत. एक नोंद लिहितो, एक पडलेल्याला उठवतो. हात नका लावू." मी म्हनलं, बे, राबतेत तर शून्य कावून? म्हनं, काम आलं की उठतेत. असले गडी मी लई बघितले.

६ जून, पहाटे
दूध यायच्या आधी तपासलं. तो लिहिनारा बसलेलाच! काढला. त्याच्यासंगं समदंच आडवं झालं. व्हायरस हाय, दुसरं काय.

६ जून, सांज
आज बी टँकर रिकामा गेला. टँकर धाडनाऱ्या मोठ्या डेअरीचा फोन: अजून एकदा असं झालं तर सेंटर शेजारच्या गावाला नेऊ. मनिषा जेवली न्हाई. बायकांना कशाचं बी टेन्शन.

९ जून
अशफाकला अक्कल आली. माझ्यासाठी येगळं कॉम्प्युटर आनलं. म्हनला, "चाचा, मेन कंट्रोल आता तुमच्याकडं. इथले फुकटे रोज काढत जा, तिकडं आपोआप नीट चालंल." हेच मी पहिल्या दिशी सांगत होतो.

२४ जून
एकदा बी बंद न्हाई! शिस्त लागती, शिस्त. पारावर समद्यांना सांगितलं. शहादेव नुसता हसला. जळतंय त्याचं.

२ जुलै
आज टेबलाखाली झाडलं. माझ्या कॉम्प्युटरला एकच वायर, ती बी लाइटीच्या बोर्डात. मनिषाला इचारलं, मेनकडं वायर कुठून गेली गं? ती पावत्या फाडतच म्हनली, "मामा, टँकर भरून गेला. चहा गार व्हतोय."

चहा पेलो.

वायरलेस असंल.