मानेतलं हाड आणि पेन्सिलीची रेघ

हातखंबा, ९ मार्च १९८४

ती. गोदाक्कास,

मैनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली नाही, डोक्यावर काही घ्यायला केली आहे). तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल, आमच्या घरचे पुरुष तर हल्ली व्यायामही करतात.

झालं असं, की गवताचा भारा उतरवताना मानेत कळ आली ती थेट बोटांपर्यंत गेली. ह्यांनी आधी खोबरेल सुचवलं, मग झोप सुचवली (नि स्वतः घेतली), आणि माझ्या हातातून कळशी निसटून तिला पोचा आला तेव्हा कुठे रत्नागिरीला नेलं. कळशीची काळजी त्यांना फार. तिथे डोक्याचा नि मानेचा बाजूने फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून तोंडातल्या टाळूच्या हाडापासून कवटीच्या खालच्या भोकाच्या मागच्या कडेपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाले, मणक्याचं टोक रेघेच्या वर आलंय, कवटीत शिरतंय. ओझं बंद, नाहीतर हातपाय जातील. मोठे डॉक्टर आले की पुन्हा दाखवा. अक्का, मी फार घाबरले गं. एसटीत हे सबंध वाट माझ्या मानेकडे बघत होते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी आणि भागोजी भावजींनी पाणी भरायला घेतलं. हंडा डोक्यावर घेणं बायकी दिसतं, म्हणून खांद्यावर. त्यामुळे निम्मं पाणी वाटेला नि निम्मं सदऱ्याला. आठवड्यात भावजींना शोध लागला, की विहीर फार लांब आहे. (मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती तिथेच आहे.) ह्यांनी तर पंचायतीत नळासाठी अर्ज टाकलाय. आम्ही बायका इतकी वर्षं मागत होतो, तेव्हा हेच म्हणायचे की नळाचं पाणी पचत नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
मैना

ता. क. परवा मोठ्या डॉक्टरांनी तोच फोटो पट्टी लावून मोजला. टोक एवढं वर पुष्कळ माणसांचं असतं म्हणाले, भिऊ नका. नुसती शीर आखडली होती. हे तेव्हा बाहेर विडी ओढत होते. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. अक्का, मान इतकी हलकी मला कधी लागली नव्हती.

आणखी एक. हे पत्र मुंबईला निघालेल्या हौसाच्या हाती देतेय, वाचून जाळ. उत्तर मात्र पोस्टकार्डावर लिही, म्हणजे पोस्टमनपासून भावजींपर्यंत सगळे वाचतील. लिही, की मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, आणि ते म्हणाले, दारात नळ येईपर्यंत मैनाने डोक्यावर काही घेऊ नये.